संचालकांच्या चुकांचा हप्ता भागधारकांनी का भरावा?

व्यवस्थापनाच्या वर्गांत आणि विमा कंपन्यांच्या माहितीपत्रकांत एक कथा वर्षानुवर्षे सांगितली जाते. कंपनीचा संचालक हा सतत संकटाच्या छायेत वावरणारा माणूस. त्याच्या एखाद्या निर्णयावर कोणीही दावा ठोकावा आणि त्याचे राहते घरसुद्धा जप्त व्हावे. अशा स्थितीत सुज्ञ आणि प्रामाणिक माणसांनी संचालक मंडळावर यावेच कशाला? त्यांना निर्भयपणे काम करता यावे म्हणून ‘डायरेक्टर्स अँड ऑफिसर्स लायबिलिटी इन्शुरन्स’, म्हणजेच संचालक व अधिकाऱ्यांचा दायित्व विमा, जन्माला आला.

कथा ऐकायला गोड आहे. तिच्यात एकच उणीव आहे. इतिहासाशी तिचे जमत नाही.

इतिहास असे सांगतो की संचालकाला जबाबदारीतून सोडवण्याची सोय आधी खुद्द कंपन्यांच्या नियमावलीत होती. ती इतकी उघड होती की अखेर कायद्याला ती बंद करावी लागली. पुढे तीच सोय विमा पॉलिसीचा पोशाख घालून परत आली, आणि या खेपेला तिचा खर्च ज्यांचे नुकसान होते त्यांच्याच माथी मारण्यात आला. हा धागा त्या परतीच्या प्रवासाचा आहे.

आरंभ १७२० च्या लंडनपासून करावा लागतो. साउथ सी कंपनीचा फुगा त्या वर्षाच्या उत्तरार्धात फुटला आणि सरदारांपासून दुकानदारांपर्यंत हजारो लोक बुडाले. लोकक्षोभ एवढा होता की १७२१ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खास कायदा करून कंपनीच्या संचालकांच्या मालमत्ताच ताब्यात घेतल्या. प्रत्येक संचालकाला आपल्या संपत्तीची यादी शपथेवर सादर करावी लागली. त्यातून त्याला किती ठेवू द्यायचे हे सभागृहाने ठरवले. या संचालकांत एडवर्ड गिबन नावाचे गृहस्थ होते. रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा इतिहास लिहिणाऱ्या गिबनचे हे आजोबा. त्यांची मालमत्ता १,०६,५४३ पौंडांची भरली. त्यांच्याकडे राहू दिले गेले १०,००० पौंड. बाकीची रक्कम बुडालेल्यांच्या मदतीसाठी गेली.

नातू गिबनने पुढे आपल्या आठवणींत या शिक्षेवर कडक टीका केली आहे. गुन्हा आधी, कायदा नंतर. प्रत्येकाची स्वतंत्र सुनावणी नाही. शिक्षेचा आकडा मतदानाने ठरलेला. त्याची तक्रार अन्यायकारक म्हणता येणार नाही. झुंडीच्या संतापातून निघालेला न्याय हा न्याय नसतो. पण त्या ओबडधोबड कारवाईत एक गोष्ट स्पष्ट होती: ज्यांच्या हाती कारभार, त्यांच्याच खिशाला झळ.

दोन दशकांनंतर हेच तत्त्व न्यायालयात अधिक सभ्य रूपात मांडले गेले. ‘चॅरिटेबल कॉर्पोरेशन’ ही गरिबांना तारणावर कर्ज देण्यासाठी सनद मिळालेली संस्था होती. तिच्या गोदामप्रमुखाने आणि आतल्या काही मंडळींनी पुरेसे तारण न घेता, कधी तारणाशिवायच, पैसे उचलले आणि संस्था रसातळाला गेली. कारभारी मंडळातले बहुतेक सदस्य या लुटीत सामील नव्हते. ते सभांना येतच नव्हते. १७४२ मध्ये लॉर्ड हार्डविक यांनी निर्णय दिला की गैरहजर राहणाऱ्यांनाही जबाबदारी टाळता येणार नाही. पद मानाचे होते, त्यातून आम्हाला एक पैसाही मिळाला नाही, हा बचाव त्यांनी मान्य केला नाही. पद स्वीकारले की निष्ठा आणि वाजवी दक्षता ओघाने आलीच.

पावणेतीनशे वर्षांपूर्वीचा हा निर्णय आजच्या पुष्कळ नियमांपेक्षा कठोर आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

कारण पुढचा सगळा प्रवास उताराचा आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये कंपन्यांचे पेव फुटले, आणि संचालक मंडळाच्या यादीत एखादा लॉर्ड, एखादा जनरल असणे हे कंपनीचे भूषण ठरू लागले. या शोभेच्या संचालकांचा मुकुटमणी म्हणजे ब्यूटचा तिसरा मार्क्विस. वडील वारले तेव्हा तो सहा महिन्यांचा होता, आणि सरदारकीबरोबर कार्डिफ सेव्हिंग्ज बँकेचे अध्यक्षपदही त्याच्याकडे वारसाहक्काने आले. पुढल्या ३८ वर्षांत तो बँकेच्या एकाच सभेला हजर राहिला. १८८६ मध्ये बँक बुडाली. प्रकरण न्यायालयात गेले आणि १८९२ मध्ये न्यायमूर्ती स्टर्लिंग यांनी निर्णय दिला की मार्क्विस जबाबदार नाही. सभांना न जाणे हे कर्तव्य टाळण्याइतके गंभीर मानता येत नाही!

पाळण्यातल्या अध्यक्षाची ही गोष्ट ऐकून हसू येते. ज्यांच्या ठेवी बुडाल्या त्यांना ते आले नसावे.

आता या इतिहासातल्या सर्वांत महत्त्वाच्या प्रकरणाकडे वळायचे. योगायोग असा की त्यातली बुडालेली कंपनी स्वतःच विमा कंपनी होती. सिटी इक्विटेबल फायर इन्शुरन्स कंपनी ही पुनर्विम्याचा, म्हणजे इतर विमा कंपन्यांची जोखीम उचलण्याचा, धंदा करणारी लंडनची कंपनी. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिची भरभराट झाली. तिचा अध्यक्ष जेरार्ड ली बेव्हन हा ‘एलिस अँड कंपनी’ या शेअर दलाली पेढीचाही भागीदार होता, आणि विमा कंपनीचा पैसा मोठ्या प्रमाणावर त्याच पेढीकडे पडून राहत असे. वार्षिक ताळेबंदाची तारीख जवळ आली की त्या पेढीमार्फत सरकारी ट्रेझरी बिले खरेदी झाल्याचे दाखवायचे आणि तारीख उलटताच ती विकून टाकायची. ताळेबंदात दलालाकडे अडकलेली रक्कम दिसतच नसे. दिसत ती सरकारी रोख्यांची भक्कम गुंतवणूक.

१९२२ च्या फेब्रुवारीत कंपनी अवसायनात गेली. खड्डा सुमारे १२ लाख पौंडांचा होता. बेव्हन विमानाने पॅरिसला पळाला, काही महिन्यांनी व्हिएन्नात सापडला आणि सात वर्षांच्या सक्तमजुरीवर गेला. पण प्रश्न बेव्हनचा नव्हता. वर्षानुवर्षे त्याच्या शेजारी बसून ताळेबंदाला मान डोलावणाऱ्या बाकीच्या संचालकांचे काय? अवसायकाने त्यांच्याकडून भरपाई मागितली.

न्यायमूर्ती रोमर यांनी प्रकरण बारकाईने तपासले आणि काही बाबतींत हे संचालक निष्काळजी होते असा स्पष्ट निष्कर्ष काढला. तरीही कोणाला एक पेनी भरावी लागली नाही. कंपनीच्या नियमावलीत एक कलम होते: जाणूनबुजून केलेली हेळसांड किंवा कसूर वगळता कोणत्याही नुकसानीला संचालक जबाबदार राहणार नाही. निष्काळजीपणा होता, पण तो ‘जाणूनबुजून’ नव्हता. सुटका!

हे कलम कोणी लिहिले होते? कंपनी स्थापन करणाऱ्यांनी. त्याचा लाभ कोणाला झाला? कंपनी चालवणाऱ्यांना. ज्यांचे पैसे गेले त्या भागधारकांपैकी किती जणांनी ते कलम कधी वाचले असेल?

या निर्णयाने ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. कंपनी कायद्याच्या फेरविचारासाठी नेमलेल्या ग्रीन समितीने अशा कलमांवर बंदीची शिफारस केली आणि १९२९ च्या कंपनी कायद्याने ती अमलात आणली. कंपनीने आपल्या संचालकाला निष्काळजीपणाच्या किंवा विश्वासभंगाच्या जबाबदारीतून आगाऊ माफी देण्याचा प्रत्येक करार आणि प्रत्येक कलम निरर्थक ठरले. भारतात हीच तरतूद १९३६ च्या दुरुस्तीने कलम ८६ सी म्हणून आली आणि स्वातंत्र्यानंतरच्या १९५६ च्या कंपनी कायद्यात कलम २०१ म्हणून कायम राहिली.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तर १९७३ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकले. सुप्रीम बँकेच्या अवसायकाने चालवलेल्या, पी. ए. तेंडोलकर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात न्यायालयाने म्हटले की वरवर पाहणाऱ्यालाही जे दिसले असते त्याकडे संचालकाला डोळेझाक करता येणार नाही. संचालक मरण पावला तरी त्याने मागे ठेवलेल्या मालमत्तेपुरती ही जबाबदारी वारसांकडे जाते. चॅरिटेबल कॉर्पोरेशनचा धागा मधल्या उतारानंतरही तुटला नव्हता, याचा हा भारतीय पुरावा.

कायद्याने पुढचे दार असे बंद केले होते. मागचे दार मात्र तोवर किलकिले झाले होते, आणि ते अटलांटिकच्या पलीकडे उघडत होते.

१९२९ च्या शेअर बाजाराच्या पडझडीनंतर अमेरिकेने १९३३ आणि १९३४ मध्ये रोख्यांविषयीचे दोन कठोर कायदे केले. कंपनीच्या माहितीपत्रकात खोटे असेल तर त्यावर सही करणारा संचालक थेट गुंतवणूकदारांना उत्तरदायी झाला. याच दशकात लंडनच्या लॉइड्समधील विमेकऱ्यांनी संचालकांसाठी दायित्व विमा बाजारात आणला. गंमत अशी की तो फारसा कोणी घेतला नाही. पाठ्यपुस्तकी कथेतले ते भयभीत संचालक तेव्हा होते कुठे?

खरी वळणे वेगळीच होती. १९३९ मध्ये न्यूयॉर्क डॉक कंपनीच्या प्रकरणात संचालकांनी खटला जिंकला होता. केवळ बचावाचा खर्च कंपनीने द्यावा एवढीच त्यांची मागणी होती. न्यायालयाने ती नाकारली. या निर्णयावर टीका होणे स्वाभाविक होते, आणि लवकरच न्यूयॉर्क व डेलावेअर या राज्यांनी कायदे करून संचालकांना कंपनीकडून खर्च मिळण्याची वाट मोकळी केली. इथवर कोणाला आक्षेप असू नये. निर्दोष सुटलेल्या माणसाने वकिलाची फी स्वतः का सोसावी?

पण १९६७ मध्ये डेलावेअरने एक पाऊल पुढे टाकले. अमेरिकेतील बहुतांश बड्या कंपन्यांची नोंदणी या चिमुकल्या राज्यात असते, म्हणून त्याचा कायदा साऱ्या देशाला वळण लावतो. त्या वर्षीच्या सुधारणेत अशी मुभा दिली गेली की संचालकाला ज्या बाबतीत थेट भरपाई देण्याचा अधिकार खुद्द कंपनीलाही नाही, त्या बाबतीतला विमाही कंपनीला आपल्या खर्चाने काढता येईल.

हे वाक्य दोनदा वाचण्यासारखे आहे. कंपनीने आपल्या तिजोरीतून जे देणे गैर, ते कंपनीच्याच तिजोरीतून हप्ता भरून तिसऱ्याकडून देववणे मात्र ग्राह्य! मराठीत याला हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात.

पुढच्याच वर्षी, १९६८ मध्ये, बारक्रिस प्रकरणाचा निकाल लागला. बोलिंग खेळाची केंद्रे बांधणाऱ्या या कंपनीच्या माहितीपत्रकात चुकीची विधाने होती, आणि नुकताच मंडळावर आलेला, इतरांच्या शब्दावर विसंबलेला बाहेरचा संचालकही जबाबदार ठरला. आता विम्याला गिऱ्हाईक मिळाले. ब्रिटनने १९८९ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून कंपनीने असा विमा काढणे वैध ठरवले. म्हणजे आगाऊ माफीवर ज्या देशाने बंदी घातली, त्यानेच साठ वर्षांनी विकतच्या माफीला मान्यता दिली.

पॉलिसीची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. तिचे साधारण तीन भाग असतात. पहिला भाग संचालकाला थेट संरक्षण देतो. कंपनी दिवाळखोर असेल किंवा कायद्याने भरपाई देऊ शकत नसेल तेव्हा तो उपयोगी पडतो. दुसऱ्या भागानुसार, कंपनीने संचालकाचा खर्च भागवला असेल तर विमा कंपनी तो कंपनीला परत करते. तिसऱ्या भागात शेअरविषयक दाव्यांमध्ये खुद्द कंपनीवर येणारी जबाबदारी झाकली जाते. वकिलांचा खर्च सहसा त्याच एकूण रकमेतून जातो, त्यामुळे खटला जितका लांबेल तितकी भरपाईसाठीची शिल्लक घटते. तुरुंगवासाचा विमा अर्थातच निघत नाही.

आणि फसवणूक? ती वगळलेली असते, असे विक्रेता छाती ठोकून सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. हा अपवाद बहुधा ‘अंतिम न्यायनिर्णयाने’ फसवणूक सिद्ध झाल्यावरच लागू होतो. आता संचालकाच्या जागी कोणालाही बसवून पाहावे. निकाल विरुद्ध गेला तर विमा जाणार आणि स्वतःचा खिसा रिकामा होणार. निकालापूर्वी तडजोड केली तर पैसे विमा कंपनी देणार, आणि ‘कोणताही दोष मान्य न करता’ हे सुभाषितही तडजोडपत्रात राहणार. अशा वेळी निकालापर्यंत लढेल कोण? दावेदारांच्या वकिलांनाही विम्याची रक्कम हीच सर्वांत सोपी वसुली असते. दोन्ही पक्षांचे हित निकाल न लागण्यात आहे. खरे काय घडले, कोण कधी गप्प बसले, हे न्यायालयाच्या नोंदीत कधी उतरतच नाही. इतिहासाच्या अभ्यासकाचे हे नुकसान वेगळेच.

पैशाचा माग काढला तर चित्र आणखी उघडे पडते. समजा, एका कंपनीच्या संचालकांच्या हलगर्जीमुळे भागधारकांचे नुकसान झाले. ते दावा करतात. तडजोडीत विमा कंपनी भरपाई देते. तिच्याकडे हे पैसे हप्त्यांतून आले. हप्ता कंपनीने भरला. कंपनीचा पैसा म्हणजे अखेर भागधारकांचाच पैसा. दावा निकाली निघाल्यावर पुढल्या वर्षीचा हप्ता वाढतो. तोही तेच भरतात. एका खिशातून काढून दुसऱ्यात ठेवायचे, मधल्या मध्ये वकिलांची फी आणि विमा कंपनीचा नफा वजा करायचा. ज्याच्या चुकीमुळे हे सारे घडले तो या वर्तुळाच्या बाहेर उभा असतो.

१९८५ चे ट्रान्स युनियन प्रकरण या विम्याच्या पुरस्कर्त्यांचे आवडते उदाहरण. २० सप्टेंबर १९८० रोजी शिकागोच्या या रेल्वे वाघिणी भाड्याने देणाऱ्या कंपनीच्या मंडळाने सुमारे दोन तासांच्या बैठकीत कंपनी ५५ डॉलर प्रतिशेअर दराने विकण्याचे ठरवले. मुख्य अधिकारी जेरोम व्हॅन गोरकम यांनी २० मिनिटे तोंडी माहिती दिली; कराराची प्रत संचालकांनी अभ्यासली नव्हती. त्याच संध्याकाळी शिकागोच्या ऑपेराच्या उद्घाटन सोहळ्यात करारावर सही झाली. डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने हा घोर निष्काळजीपणा ठरवला. उद्योगजगतात हाहाकार माजला. विम्याचे हप्ते आकाशाला भिडले. आता कोणी संचालक होणार नाही, असे भाकीत झाले.

प्रत्यक्षात काय घडले? तडजोड २ कोटी ३५ लाख डॉलरची झाली. त्यातले सुमारे १ कोटी विम्यातून आले. उरलेल्यापैकी बहुतेक भाग कंपनी विकत घेणाऱ्या प्रिट्झकर कुटुंबाने दिला. ज्यांच्या वैयक्तिक सर्वनाशाची भीती घातली गेली, त्या संचालकांचे संसार शाबूत राहिले. आणि १९८६ मध्ये डेलावेअरने कायदा करून कंपन्यांना मुभा दिली की दक्षतेच्या कर्तव्यात कसूर झाल्यास संचालकाला पैशाची भरपाई माफ, असे कलम त्यांनी आपल्या सनदेत घालावे. हे सिटी इक्विटेबलचेच कलम. ब्रिटनने १९२९ मध्ये ज्याला कवाडाबाहेर काढले, त्याला डेलावेअरने ५७ वर्षांनी पाट मांडून बसवले.

तरीही ‘संचालकांवर टांगती तलवार’ ही भाषा थांबली नाही. बर्नार्ड ब्लॅक, ब्रायन चेफिन्स आणि मायकेल क्लाऊसनर या कायद्याच्या अभ्यासकांनी २००६ मध्ये तलवार मोजून पाहिली. १९८० ते २००५ या २५ वर्षांत अमेरिकेतील सार्वजनिक कंपन्यांच्या बाहेरच्या संचालकांना भरपाई किंवा तडजोडीसाठी स्वतःच्या खिशातून पैसे द्यावे लागल्याची अवघी १३ प्रकरणे त्यांना सापडली. त्यात ट्रान्स युनियन आहे, एन्रॉन आणि वर्ल्डकॉमही आहेत. एन्रॉनच्या संचालकांच्या २००५ मधील १६ कोटी ८० लाख डॉलरच्या तडजोडीत दहा माजी संचालकांनी स्वतःचे म्हणून दिले ते १ कोटी ३० लाख. वर्ल्डकॉममध्ये संचालकांनी स्वतःच्या खिशात हात घालावा ही अट न्यूयॉर्क राज्याच्या निवृत्तिवेतन निधीने हट्टाने लावून धरली, म्हणून तेवढे तरी घडले. एरवी जगातल्या एवढ्या मोठ्या लबाड्यांतही संचालकांचे खिसे कोरडेच राहिले असते.

पुरस्कर्त्यांचा आणखी एक युक्तिवाद असतो. विमा कंपनी स्वतःचे पैसे वाचवण्यासाठी तरी कंपनीच्या कारभारावर लक्ष ठेवील. आगीचा विमा देणारा गोदामात पाण्याच्या बादल्या आहेत का ते पाहतोच ना? टॉम बेकर आणि शॉन ग्रिफिथ यांनी या धंद्यातल्या लोकांशी बोलून ‘एन्शुअरिंग कॉर्पोरेट मिसकंडक्ट’ हे पुस्तक २०१० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष असा की विमा कंपन्या प्रत्यक्षात अशी देखरेख जवळपास करतच नाहीत. बादल्या मोजायला कोणी येत नाही.

भारतातली कथा ७ जानेवारी २००९ पासून वेगाने पुढे सरकते. त्या दिवशी सत्यम कॉम्प्युटरचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी ताळेबंदातील हजारो कोटींचा खोटेपणा पत्र लिहून कबूल केला. तत्पूर्वी तीनच आठवडे, १६ डिसेंबर २००८ रोजी, याच मंडळाने राजू कुटुंबाशी संबंधित मेटास कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलरना विकत घेण्यास मान्यता दिली होती. मंडळावर नामवंत व्यवस्थापनशास्त्रज्ञ आणि निवृत्त सनदी अधिकारी होते. गुंतवणूकदारांच्या संतापामुळे तो व्यवहार काही तासांत मागे घ्यावा लागला. मंडळाच्या दक्षतेमुळे नव्हे.

यातून धडा कोणता घेतला गेला? २०१३ च्या नव्या कंपनी कायद्यात जुने कलम २०१ दिसत नाही. त्याऐवजी कलम १९७ चे तेरावे उपकलम आले. कंपनीने व्यवस्थापकीय संचालक, पूर्णवेळ संचालक, वित्त अधिकारी आदींच्या निष्काळजीपणा, कसूर किंवा विश्वासभंगाच्या जबाबदारीसाठी विमा काढला, तर त्याचा हप्ता त्यांच्या मोबदल्यात धरला जाणार नाही. आणि ती व्यक्ती दोषी सिद्ध झाली तर? मग हप्ता मोबदल्याचा भाग मानला जाईल. विश्वासभंग सिद्ध झालेल्या माणसाला या उपकलमाने दिलेला दंड म्हणजे जमाखर्चातली एक नोंद बदलणे!

त्यानंतर सेबीने हा विमा सक्तीचाच केला. १ ऑक्टोबर २०१८ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या ५०० सूचीबद्ध कंपन्यांना आणि १ जानेवारी २०२२ पासून पहिल्या १००० कंपन्यांना आपल्या सर्व स्वतंत्र संचालकांसाठी तो घ्यावा लागतो. किती रकमेचा आणि कोणत्या जोखमींसाठी? नियम म्हणतो, ते संचालक मंडळाने ठरवावे. ज्यांना संरक्षण हवे त्यांनीच त्याची उंची ठरवायची आणि हप्त्याची चिठ्ठी इतरांकडे पाठवायची. विम्याची रक्कम व हप्ता भागधारकांसमोर मांडावा अशी अट त्या तरतुदीत नाही.

यावर एक उत्तर येते आणि ते गंभीरपणे ऐकले पाहिजे. भारतात स्वतंत्र संचालकाला फौजदारी समन्स येणे अवघड नाही. कंपनीचा धनादेश वटला नाही तरी वर्षातून चार बैठकांना येणाऱ्या प्राध्यापकाचे नाव तक्रारीत घातले जाते, आणि ते वगळून घ्यायला वकील, तारखा, प्रवास सगळे लागते. सुक्याबरोबर ओले जळते हे खरेच आहे, आणि अशा माणसाच्या बचावाचा खर्च कंपनीने उचलणे न्याय्यच आहे. विम्याच्या पहिल्या भागाला, निदान बचावखर्चापुरता, विरोध करण्याचे कारण नाही.

पण या माणसाला कायद्याने उघडे सोडलेले नाही. २०१३ च्या कायद्याचे कलम १४९ (१२) सांगते की स्वतंत्र संचालक जबाबदार ठरेल तो मंडळाच्या कामकाजातून त्याला ठाऊक असलेल्या आणि त्याच्या संमतीने वा संगनमताने घडलेल्या गोष्टींसाठी, किंवा त्याने दक्षता बाळगली नाही तर. प्रामाणिकपणे वागलेल्याला सवलत देण्याचा अधिकार कलम ४६३ खाली न्यायालयाला आहेच. तेव्हा एवढी चाळणी ओलांडून जो जबाबदार ठरतो तो दक्ष नव्हता, किंवा त्याला ठाऊक होते. बचावखर्चाच्या पलीकडची भरपाई देणारा विमा नेमका या माणसासाठी उरतो. प्रामाणिक प्राध्यापकाचे चित्र दारावर लावून आत कोणाला घेतले जाते, हे इथे दिसते.

मग पर्याय काय? तो कल्पनेत शोधण्याची गरज नाही. २००८ च्या आर्थिक संकटानंतर जर्मनीने २००९ मध्ये कायदा केला. भागभांडवली कंपनीने आपल्या कार्यकारी मंडळाच्या सदस्यासाठी असा विमा काढला, तर नुकसानीचा किमान दहा टक्के भाग त्या सदस्याने स्वतः सोसला पाहिजे. या वाट्याची मर्यादा त्याच्या वार्षिक निश्चित वेतनाच्या दीडपटीहून खाली ठेवता येत नाही. विमा बंद केला नाही, बचावखर्च नाकारला नाही. फक्त चुकीचा चटका चुकणाऱ्याच्या बोटाला लागेल एवढी तजवीज केली.

बाजार हा बाजारच. जर्मन विमा कंपन्यांनी लगेच त्या दहा टक्क्यांचाही विमा विकायला काढला! पण त्याचा हप्ता कार्यकारी सदस्याला स्वतःच्या पैशातून भरावा लागतो. स्वतःच्या पैशाने छत्री घेणाऱ्याशी कोणाचे भांडण असणार?

भारतात अशी अट घालायला नवा सिद्धान्त लागत नाही. कलम १९७ ला एक ओळ आणि सेबीच्या नियमाला दोन ओळी जोडाव्या लागतील. तोवर एका शेअरच्या मालकालाही वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहता येते. मंडळाने स्वतःसाठी किती रुपयांचा विमा काढला, त्याचा हप्ता यंदा किती आणि गेल्या वर्षी किती होता, त्यात संचालकांचा स्वतःचा वाटा किती, आणि फसवणुकीचा अपवाद कोणत्या टप्प्यावर लागू होतो, हे प्रश्न अध्यक्षांना विचारून उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेता येते.